ढालीवरची माशी

आमच्याकडे 'अकॅडमी' या शब्दाला एकच अर्थ आहे. पोलीस भरतीची अकॅडमी. पहाटे पाचला पोरं रस्त्याने पळत जातात आणि मागून मोटरसायकलवर बसून सर शिट्टी मारत येतात. त्यामुळे सहावीच्या सुट्टीत आत्तेभावाच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा 'एज ऑफ एम्पायर्स' खेळायला बसलो आणि ग्रीकांचे भालेवाले सैनिक 'अकॅडमी' नावाच्या इमारतीतून बाहेर पडताना पाहिले, तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. भरती होऊन आली असणार पोरं.

1997 सालचा गेम. 60 अन्न आणि 40 सोनं मोजलं की एक हॉप्लाइट तयार. गोल ढाल, भाला, डोक्यावर तुरा. हळूहळू चालायचा, पण जिथे पोचायचा तिथे साफसफाई करायचा. पुढे पैसे साठले की त्याला बढती देता यायची आणि मग त्याचं नाव व्हायचं 'फॅलँक्स'. आणखी एक बढती, की 'सेंच्युरियन'.

फॅलँक्स म्हणजे एक माणूस नव्हे, माणसांची अख्खी रचना, हे मला कळायला पुढे आठ वर्षं जावी लागली. खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या रांगा, एकीमागे एक. एकट्या सैनिकाला फॅलँक्स म्हणणं म्हणजे एकट्या वारकऱ्याला 'दिंडी' म्हणण्यासारखं. आणि सेंच्युरियन तर रोमन सैन्यातला अधिकारी. म्हणजे आधी वारकऱ्याची दिंडी केली आणि मग त्या दिंडीला दुसऱ्याच देशाच्या पलटणीत नेमून टाकलं.

पण सहावीतल्या मुलाला असलं काही खुपत नाही. मला खुपायला लागलं ते इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर. आणि एकदा खुपायला लागल्यावर मी जे वागलो, त्याबद्दल हा लेख आहे.

*

सेकंड इयरला माझ्या रूमवर नवा पार्टनर आला. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. ज्यांनी महाराष्ट्रात इंजिनिअरिंग केलंय त्यांना 'डिप्लोमावाला' हा शब्द कुठल्या सुरात उच्चारला जातो ते माहीत असेल. बारावी करून आलेले आम्ही स्वतःला अस्सल समजायचो आणि ते मागच्या दाराने आलेले. प्रत्यक्षात त्यांना वर्कशॉपमध्ये हात चालवता यायचा, ड्रॉइंग शीट एका बैठकीत पुरी करता यायची आणि आम्हाला दोन्ही येत नव्हतं.

पार्टनरच्या लॅपटॉपवर 'रोम: टोटल वॉर' होता. 2004 सालचा गेम, म्हणजे तेव्हाही जुनाच, पण आमच्या चार जीबी रॅममध्ये तोच चालायचा. रात्री जेवण झालं की आम्ही आळीपाळीने खेळायचो. वरून कॅमेरा फिरवत दोन हजार माणसांची लढाई बघायची. ग्रीक शहरांचे हॉप्लाइट भाले आडवे करून उभे राहिले की समोरून येणारे घोडेस्वार त्यावर आपटून फुटायचे. तो आवाज अजून कानात आहे.

मग मी वाचायला लागलो. आधी गेम जिंकण्यासाठी आणि नंतर गेम चुकीचा आहे हे सिद्ध करण्यासाठी. सापडलंही भरपूर. गेमची मोहीम सुरू होते इ.स.पू. 270 मध्ये. त्या काळात इजिप्तवर टॉलेमीच्या ग्रीक घराण्याचं राज्य होतं, पण गेममधले इजिप्शियन सैनिक हजार वर्षांपूर्वीच्या तुतनखामेनच्या दरबारातून उठून आल्यासारखे दिसतात. ग्रीक हॉप्लाइटचंही तेच. मोठी गोल ढाल आणि आठ फुटी भाला हा सरंजाम पर्शियाशी झालेल्या युद्धांच्या वेळचा, म्हणजे इ.स.पू. 480 च्या आसपासचा. 270 उजाडेपर्यंत मॅसिडोनियाच्या फिलिपने आणि अलेक्झांडरने लढाई पार बदलून टाकली होती. त्यांचा भाला, सारिसा, दोन्ही हातांनी धरायचा. थिओफ्रास्टसच्या एका उल्लेखावरून सर्वांत लांब सारिसा बारा हात, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास. पॉलिबियसच्या काळापर्यंत ती लांबी चौदा हातांवर गेली होती आणि पहिल्या रांगेच्या पुढे पाच रांगांची पाती निघालेली असायची. दोन्ही हात भाल्यात गुंतल्यावर मोठी ढाल पेलणार कशी? म्हणून ढाल लहान झाली आणि पट्ट्याने लटकवली गेली. बऱ्याच ग्रीक शहरांनी याच शतकात लांबट, अंडाकृती थुरिऑस ढाल उचलली. खुद्द स्पार्टाने क्लिओमेनीस राजाच्या काळात, 227 च्या सुमाराला, सारिसा स्वीकारली. गेममधल्या ग्रीकांना यातलं काहीही कळलेलं नव्हतं. आजच्या जवानाच्या हातात 1818 सालची ठासणीची बंदूक द्यावी, तसा तो प्रकार.

आणि सर्वांत मोठा घोळ म्हणजे गेमने हॉप्लाइट आणि सारिसावाला या दोघांना जवळपास एकच चाल दिली होती. दोघेही भाले आडवे करून भिंत होतात. खरा हॉप्लाइट भाला एका हाताने धरायचा, कारण दुसरा हात ढालीत अडकलेला असायचा. तो भाला खांद्याच्या वर धरायचा की कमरेशी, यावरच अभ्यासकांचं भांडण मिटलेलं नाही.

मी पार्टनरला म्हटलं, आपण मॉड करू. बरोबर करू सगळं.

*

त्या गेममधल्या सैनिकांची सगळी माहिती एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. नोटपॅडमध्ये उघडायची, आकडे बदलायचे, सेव्ह करायची. मी आज पगार घेतो तो कोड लिहिण्याचा, पण 'मी काहीतरी टाइप केलं आणि जग बदललं' ही झिंग मला पहिल्यांदा त्या फाइलने दिली. कुठल्याही लॅबच्या प्रॅक्टिकलने नाही.

बचावासाठी तिथे तीन आकडे असतात. एक चिलखताचा, एक कौशल्याचा, एक ढालीचा. ढालीचा आकडा समोरून आणि डावीकडून येणाऱ्या वारांना लागू होतो. हे मला भलतंच आवडलं होतं, कारण ढाल डाव्या हातात असते. कुणीतरी विचार करून केलं होतं ते.

आकडे माझ्याकडे आणि चित्रं पार्टनरकडे, अशी वाटणी झाली. सैनिकाचं रूप म्हणजे एक सपाट चित्र असतं, ते त्याच्या आकृतीवर चादरीसारखं गुंडाळलं जातं. पार्टनर रात्र रात्र जागून ती चित्रं रंगवायचा. त्याने स्पार्टन सैनिकांसाठी वीस ढाली काढल्या. एकीवर कोंबडा, एकीवर विंचू, एकीवर बैलाचं तोंड, एकीवर नुसती वर्तुळं. ग्रीक भांड्यांवरची चित्रं पाहून काढलेल्या. प्रत्येक माणसाची ढाल वेगळी, कारण हॉप्लाइट स्वतःच्या पैशाने शस्त्रं घ्यायचा. सरकारी गणवेश नव्हता तो. ज्याची जमीन बरी, त्याचं शिरस्त्राण बरं. पार्टनरला हा मुद्दा माझ्याआधी कळला होता.

अडचण इंजिनची होती. 2004 च्या त्या इंजिनमध्ये एका तुकडीला एकच चित्र लागायचं. तुकडीतली सगळी माणसं एकसारखीच दिसणार. एकाच तुकडीत वेगवेगळ्या ढाली दाखवायची सोय त्याच कंपनीच्या 2006 च्या 'मेडिव्हल 2' मध्ये आली. म्हणजे वीस ढालींतून आम्हाला एकच निवडायची होती.

मी म्हटलं, लॅम्डा. ते उलट्या व्हीसारखं अक्षर. स्पार्टावाले स्वतःला लॅसिडेमोनियन म्हणवायचे, त्याचं आद्याक्षर. '300' सिनेमा हॉस्टेलमधल्या प्रत्येक हार्डडिस्कवर होता आणि त्यातल्या ढालींवर तेच होतं.

पार्टनर म्हणाला, माशी.

त्याने एकविसावी ढाल काढली होती. पूर्ण कोरी, कांस्याच्या रंगाची, आणि मधोमध एक माशी. खऱ्या माशीएवढी. गेमच्या कॅमेऱ्यातून ती दिसणंही शक्य नव्हतं.

मी हसलो. म्हटलं, हे कुठून काढलंस?

"वाचलंय कुठेतरी. स्पार्टाच्या एका सैनिकाच्या ढालीवर होती."

"कुठेतरी म्हणजे कुठे? सोर्स दे."

त्याला सोर्स आठवेना. डिप्लोमाच्या वेळी गावच्या वाचनालयात एक जाडं जुनं पुस्तक वाचलं होतं, एवढंच त्याला सांगता आलं. रूमवर तेव्हा अजून चारजण होते. मी सगळ्यांच्या देखत बोलत सुटलो. लॅम्डाचं महत्त्व, पुराव्याचं महत्त्व. तो म्हणाला, अरे पण गेममध्ये सगळ्या ढाली सारख्या दाखवणं हेच मुळात खोटं आहे, मग निदान एक तरी गंमत असू दे. तेव्हा मी म्हणालो, "डिप्लोमावाल्यांना नुसतं ड्रॉइंग येतं रे. वाचायला लागतं त्याचं काय?"

चौघे हसले. तोही थोडा हसला. त्या रात्री त्याने ढालींचं फोल्डर लॅपटॉपवरून हलवलं आणि मॉडवर पुन्हा कधी काम केलं नाही. आम्ही पुढे अडीच वर्षं एकाच रूमवर राहिलो. मेसला सोबत जायचो, परीक्षेला नोट्स वाटून घ्यायचो. पण रात्रीचा गेम बंद झाला तो झालाच.

*

मार्च 2020 मध्ये ऑफिसने घरून काम करायला सांगितलं आणि मी इचलकरंजीला परत आलो. सगळं गाव मागांच्या खडखडाटावर जगतं, पण तेव्हा मागही थांबले होते. रस्त्यावर इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. रिकाम्या संध्याकाळी मी जुना छंद उकरून काढला. या वेळी डोक्यात एकच विषय होता: लिनोथोरॅक्स.

ग्रीक भांड्यांवर सैनिकांच्या अंगात एक चिलखत दिसतं. छातीभोवती गुंडाळलेला ताठ पट्टा, खांद्यावरून पुढे येऊन बांधलेल्या दोन पट्ट्या, कमरेखाली कातरलेल्या झालरी. गेममध्ये ते पांढरं दाखवतात आणि ते कापडाचं होतं असं सांगतात: तागाच्या कापडाचे अनेक थर सरसाने चिकटवून केलेलं. मी हॉस्टेलवर हे सगळ्यांना ठासून सांगितलं होतं. पार्टनरने एकदा ते तपकिरी, चामड्याचं रंगवलं होतं, तेव्हा मी त्याला पुन्हा पांढरं करायला लावलं होतं.

आता नीट वाचल्यावर पायाखालची वाळू सरकायला लागली. या प्रकारचं कापडी चिलखत एकही अख्खं सापडलेलं नाही. कापड मातीत टिकत नाही. कापडाची चिलखतं होती हे नक्की. होमरच्या महाकाव्यात तसा शब्दच आहे. हिरोडोटस तर इजिप्तच्या अमासिस राजाने स्पार्टाला पाठवलेल्या एका कापडी चिलखताचं वर्णन करतो, ज्याच्या एकेका धाग्यात 360 तंतू होते आणि ज्यावर सोन्याने आणि 'झाडाच्या लोकरीने' नक्षी काढली होती. झाडाची लोकर म्हणजे आपला कापूस. हाच हिरोडोटस सांगतो की भारतात अशी झाडं आहेत आणि झर्क्सिसच्या सैन्यातले भारतीय याच लोकरीचे कपडे घालून, वेताची धनुष्यं घेऊन ग्रीसवर चालून गेले होते.

पण सरस? कापड सरसाने चिकटवून चिलखत करायचे, असं कोणताही प्राचीन ग्रीक लेखक म्हणत नाही. ही कल्पना लोकप्रिय केली ती विसाव्या शतकात पीटर कॉनली या चित्रकार-अभ्यासकाने. त्याची चित्रं इतकी सुंदर होती की ती पुस्तकांतून पुस्तकांत गेली, तिथून गेममध्ये आणि गेममधून माझ्या डोक्यात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ग्रेगरी आल्ड्रेट या प्राध्यापकाने विद्यार्थ्यांना घेऊन अशी चिलखतं खरोखर बनवली, त्यांच्यावर बाण मारून पाहिले आणि 2013 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. चिकटवलेलं कापड बाण अडवतं, हे त्यांनी दाखवलं. पण एखादी गोष्ट करता येते म्हणजे ती तशीच केली जायची असं नाही. चिलखत शिवलेलं असेल, दाट विणलेलं असेल आणि बऱ्याच अभ्यासकांच्या मते भांड्यांवरची कित्येक चिलखतं चामड्याचीच असतील.

तपकिरी. पार्टनरने रंगवली होती तशी.

मी हे सगळं मोबाइलवर वाचत होतो तेव्हा आजी शेजारी गोधडी घालून बसली होती. जुन्या लुगड्यांचे थर, कडेने सुरू करून आत आत येणारा धावदोरा. तिने विचारलं, काय बघतोस एवढं? मी तिला चित्र दाखवलं आणि सांगितलं, कापडाचे पंधरा थर सरसाने चिकटवायचे आणि अंगात घालून लढायला जायचं.

"चिकटवायचे? कशाला रं?"

"घट्ट होतं म्हणून."

आमचे आजोबा सायझिंगला होते. सायझिंग म्हणजे ताण्याच्या सुताला खळ लावायची, म्हणजे मागावर घासून ते तुटत नाही. आजीचं अर्धं आयुष्य खळीच्या वासात गेलंय. ती म्हणाली, "खळ लावतात ती इणायपुरती. मागनं ती धुऊन काढाय लागती. तशीच ठेवली तर पावसाळ्यात बुरशी धरती, उंदीर खातो. आणि वाकणार कसा त्यो? तूच म्हणालास ना, शेतकरी हुते म्हणून?"

मग आम्ही प्रयोग केला. तिच्याकडच्या जुन्या धोतराचे बारा-बारा थर घेतले. एक तुकडा मी मैद्याच्या खळीने चिकटवून गच्चीवर वाळत टाकला आणि दुसरा तिने दाट धावदोऱ्याने शिवला. वाळल्यावर माझा तुकडा पाटासारखा कडक झाला. दाभण टोचली तर दोन्ही तुकड्यांत अर्ध्यातच अडकली. तिचा तुकडा मात्र हाताभोवती गुंडाळता येत होता. चौथ्या दिवशी माझ्या तुकड्याला मुंग्या लागल्या.

याने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. मैदा म्हणजे सरस नव्हे, धोतर म्हणजे ताग नव्हे आणि इचलकरंजी म्हणजे स्पार्टा तर नव्हेच. पण जी गोष्ट मी तीन वर्षं छाती ठोकून सांगत होतो, तिच्याबद्दल सरळ हातातला प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता. तो सुचला तो शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या बाईला.

*

मग मी लॅम्डाकडे वळलो. तिथेही वाळूच.

स्पार्टन ढालीवर लॅम्डा असल्याचा मुख्य आधार म्हणजे युपोलिस नावाच्या विनोदी नाटककाराचा एक तुटक उल्लेख, तोही नंतरच्या कोशकारांनी जपलेला. युपोलिस इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरचा. म्हणजे 480 च्या थर्मोपिलीच्या लढाईनंतर दोन पिढ्यांनी. ढालींवर शहराची अक्षरं असायची हे झेनोफनच्या एका हकिकतीतून कळतं: 392 च्या सुमाराला कॉरिंथपाशी स्पार्टाच्या एका अधिकाऱ्याने पळणाऱ्या सिसियनच्या सैनिकांच्या, सिग्मा हे अक्षर असलेल्या ढाली उचलल्या आणि आर्गॉसचे लोक ती अक्षरं बघून बेसावध चालून आले. पण थर्मोपिलीला लिओनिडासच्या माणसांच्या ढालींवर काय होतं, याचा पुरावा नाही.

अस्सल स्पार्टन ढाल बघायची असेल तर ती अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. 425 मध्ये पायलॉसजवळच्या स्फाक्टेरिया बेटावर स्पार्टाच्या सैनिकांनी शरणागती पत्करली, 292 जण जिवंत पकडले गेले आणि सगळा ग्रीस थक्क झाला. त्या वेळी हिसकावलेली ही ढाल. लाकूड केव्हाच कुजलं, वरचा कांस्याचा पत्रा उरलाय, तोही चेपलेला. त्यावर आज जी अक्षरं वाचता येतात ती अथेन्सवाल्यांनी ठोकलेली आहेत: पायलॉसला लॅसिडेमोनियनांकडून घेतली, अशा अर्थाची.

आणि याच शोधात, प्लुटार्कने जमवलेल्या स्पार्टन लोकांच्या किश्श्यांमध्ये, मला माशी सापडली.

एका स्पार्टन सैनिकाच्या ढालीवर माशी होती, खऱ्या माशीएवढी. लोक त्याची टर उडवायचे, की शत्रूला दिसू नये म्हणून एवढंसं चिन्ह काढलंय. त्यावर त्याचं म्हणणं असं, की मी शत्रूच्या इतका जवळ जातो की त्याला ती माशी आहे तेवढी नीट दिसते.

मी मोबाइल खाली ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसलो.

आता प्लुटार्क त्या काळानंतर पाच-सहाशे वर्षांनी लिहीत होता आणि त्याचा किस्सा म्हणजे काही फोटो नव्हे. पण आधार म्हणून तो माझ्या लॅम्डापेक्षा फार कच्चाही नव्हता. पार्टनरने खरंच वाचलं होतं. गावच्या वाचनालयात, माझ्या कितीतरी आधी. मी त्याला सोर्स मागितला होता, आणि स्वतःच्या लॅम्डाला मात्र मी कधीच मागितला नव्हता.

*

त्यानंतर मला 'बरोबर' या शब्दाचाच थोडा धसका बसला. गेमवाले चुका करतात त्यामागे कारणं असतात, हे आता मी स्वतः सॉफ्टवेअर बनवत असल्यामुळे कळतं. वरून बघणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे की हा ग्रीक, हा रोमन, हा इजिप्शियन. म्हणून ग्रीकाला तुरा हवाच, इजिप्शियनाला ममी आठवेल असं काहीतरी हवंच. मेमरी कमी म्हणून एका तुकडीला एकच चित्र. यात कुणाची लबाडी नाही. 'युरोपा बार्बरोरम'सारख्या मॉडमध्ये हौशी लोकांनी वर्षानुवर्षं खपून सैनिकांचे पोशाखच काय, नावंही त्या त्या भाषेतली केली. त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे.

पण आम्ही सगळे ज्या बारकाव्यांवर भांडलो, त्यांच्या पलीकडे जे होतं ते कुणालाच दिसलं नाही. इ.स.पू. 479 च्या प्लटियाच्या लढाईत, हिरोडोटसच्या हिशेबाने, 5000 स्पार्टन होते आणि प्रत्येकामागे सात हेलट. हेलट म्हणजे स्पार्टाची जमीन कसणारे, गुलामीत जखडलेले लोक. एकूण 35,000. हिरोडोटसचे आकडे फुगलेले असतील असं म्हणून निम्मे केले तरी लढाईच्या मैदानात स्पार्टनांपेक्षा हेच लोक जास्त. मी खेळलेल्या एकाही गेममध्ये लाल झग्यातल्या स्पार्टनामागे ते सातजण उभे दिसले नाहीत. शिरस्त्राणाच्या गालपट्टीचा आकार चुकला म्हणून आम्ही रात्री जागवल्या आणि सात माणसं गाळली गेली ती आमच्या लक्षातही आली नाहीत.

दुसरी गोष्ट ढालीची. ही ढाल जवळजवळ 90 सेंटिमीटर रुंद, सहा ते आठ किलोची. मधल्या कड्यातून डावा हात कोपरापर्यंत आत घालायचा आणि काठाजवळची मूठ धरायची. अशी धरली की ढालीचा डावा भाग आपल्या अंगाच्या बाहेर जातो. काहीजण म्हणतात, तो डावीकडच्या माणसाला आडोसा द्यायचा. रांगा किती दाट असायच्या यावर वाद आहेत, हान्स व्हॅन वीससारखे अभ्यासक ही सगळी दाटी नंतरची मानतात. पण थ्युसिडिडीस, जो स्वतः सेनापती होता, 418 च्या मँटिनियाच्या लढाईबद्दल लिहिताना एक फार माणसासारखी गोष्ट सांगतो. लढायला निघालेलं प्रत्येक सैन्य चालता चालता उजवीकडे सरकतं. कारण प्रत्येकाची उजवी बाजू उघडी असते आणि भीतीने तो उजवीकडच्या माणसाच्या ढालीला चिकटत जातो.

गेममधले सैनिक सरळ चालतात. त्यांच्या फाइलमध्ये ढालीचा आकडा ज्याचा त्याच्यापुरता असतो. शेजाऱ्याची ढाल मोजायला तिथे रकानाच नाही.

माझ्या डाव्या बाजूच्या कॉटवर अडीच वर्षं पार्टनर झोपायचा.

*

मी त्याला फोन केला तो गेल्या दिवाळीत. लॉकडाऊननंतर चार वर्षांनी. तेवढी वर्षं मी 'करू, करू' म्हणत होतो. तो आता एका कारखान्यात डिझाइनला आहे, मुलगी झालीय. थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, अरे, ती माशी बरोबर होती. प्लुटार्कमध्ये आहे. आणि ते चिलखत तपकिरी असू शकतं. मी उगाच तुला पांढरं करायला लावलं.

तो हसला. "कुठलं चिलखत?"

"लिनोथोरॅक्स. आपला मॉड."

"ते नाही रे आठवत." मग जरा थांबून म्हणाला, "डिप्लोमावाल्यांना वाचता येत नाही म्हणालेलास, ते आठवतं."

मी इतकी वर्षं पुरावे गोळा करत होतो ते चुकीच्या खटल्याचे. त्याला माशीचा निकाल नकोच होता.

मी म्हटलं, चुकलं माझं. त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो. नुसतं ते बोलणंच चुकलं असं नाही, मला तसं वाटतही होतं.

"हं," तो म्हणाला. मग मागून मुलीचा आवाज आला आणि त्याने नंतर बोलतो म्हणून फोन ठेवला. नंतर बोलणं झालं नाही, अजून तरी.

पण दोन दिवसांनी व्हॉट्सअॅपवर एक इमेज आली. खाली एक शब्दही नाही. कांस्याच्या रंगाची ढाल, बाकी कोरी. मी बोटांनी ती मोठी करत गेलो, आणखी मोठी, स्क्रीन भरून पिक्सेल फुटायला लागेपर्यंत. अगदी जवळ गेल्यावर ती दिसली. सहा पाय, दोन पंख, प्रत्येक शीर काढलेली.